कपाटावरचा गालिचा

१

"मावशी, चोरी झालीय. चोरही सापडलाय. पण चोरी त्याने केलेली नाही."

माझी भाची श्रुतिका दारातूनच हे बोलली आणि समोरच्या खुर्चीत धपकन बसली. दुसरा शनिवार होता, कोर्टाला सुट्टी. मी ऑफिसात एकटीच बसून चहा पीत होते. महाडात वकिली करून मला बरीच वर्षं झाली, त्यामुळे असली वाक्यं मला नवी नाहीत. चोराची आई रोज हेच सांगते.

"काय गेलं?" मी विचारलं.

"सगळं. कोठार रिकामं केलंय. एकशेवीस सूर्यमणी, गरुडाची पिसं, ढाली, औषधं, सगळं. वर्षभर जमवत होतो आम्ही."

"कुठलं कोठार?"

"व्हेलमोरमधलं."

मी कप खाली ठेवला. व्हेलमोर म्हणजे जगभरातली पोरं कॉम्प्युटरवर खेळतात तो खेळ, एवढं मला श्रुतिकाच्या कृपेने माहीत होतं. राक्षस, किल्ले, उडते घोडे. समोरच्या उबेदच्या सायबर कॅफेत कॉलेज सुटलं की पोरं मुंग्यांसारखी जमायची ती त्यासाठीच. दोन हजार सात साल होतं आणि घरी इंटरनेट असलेली माणसं आमच्या गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

"म्हणजे नसलेल्या वस्तूंची न झालेली चोरी," मी म्हटलं. "जा, अभ्यास कर."

श्रुतिका हसली नाही. पोलादपूरहून रोज एस.टी.ने येणारी ही पोरगी एरवी माझ्या प्रत्येक टोमण्याला दोन परत करते. आज तिचे डोळे भरून आले होते.

"मावशी, उबेदभाई स्वराजला चोर म्हणतोय. आज संध्याकाळी त्याचे वडील जलीलचाचा मुंबईहून टेम्पो घेऊन आले की त्यांना सांगणार आहे. स्वराजचे मामा चाचांच्याच टेम्पोवर ड्रायव्हर आहेत. मामांच्या घरी राहून तो शिकतोय. मामांची मान खाली गेली तर ते त्याला एक दिवस ठेवून घेणार नाहीत. त्याने बॅग भरलीय, मावशी. उमरठला परत निघालाय, बी.कॉम. अर्धं टाकून."

आता मात्र मी चष्मा लावला. वस्तू खोट्या असतील, पण बॅग खरी होती.

"स्वराजचं म्हणणं काय?"

"तेच तर! तो काहीच बोलत नाही. केली म्हणत नाही, नाही केली म्हणत नाही. नुसता गप्प."

निर्दोष माणूस ओरडतो आणि गुन्हेगार त्याच्याहून मोठ्याने ओरडतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. नुसता गप्प बसणारा मी आजवर एकदाच पाहिला होता, आणि तो बायकोला पाठीशी घालत होता.

मी ऑफिसला कुलूप लावलं आणि रस्ता ओलांडला.

२

उबेदचा कॅफे त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर आहे. वर राहतं घर, खाली प्लायवूडच्या फळ्या लावून केलेल्या सात खोपट्या आणि प्रत्येकीत एक कॉम्प्युटर. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक मातकट रेघ आहे. दोन वर्षांपूर्वी सावित्रीचं पाणी तिथवर चढलं होतं. महाडात रंग कितीही लावा, ती रेघ वर येतेच. तिच्याकडे आता कुणाचं लक्षही जात नाही.

उबेद हा जलीलभाईंचा धाकटा मुलगा. थोरला मुसैब सौदीत, दम्मामला नोकरीला. उबेद बावीस-तेवीस वर्षांचा, पण त्या दिवशी तोंड असं करून बसला होता की जणू घरात कुणी गेलंय.

"वकीलताई, तुम्ही हसाल," तो म्हणाला.

"हसले तर पैसे परत. आधी मला ते गाव दाखव."

त्याने एक नंबरच्या कॉम्प्युटरवर खेळ उघडला. मी हसायच्या तयारीने खुर्चीत बसले होते, हे कबूल करते.

आधी अंधार होता. मग समुद्राचा आवाज आला आणि पडदा उजळला. एक बंदर. काठाला शेकडो गलबतं, चढत गेलेल्या दगडी गल्ल्या, प्रत्येक खिडकीत दिवा. आकाशात दोन चंद्र, एक केशरी आणि एक पांढरा, आणि दोघांचीही उजेडाची वाट पाण्यावर हलत होती. चौकात माणसांची ही गर्दी! कुणी मासे विकतंय, कुणी नाचतंय, कुणी सिंहावर बसून चाललंय.

"ही सगळी चित्रं?" मी विचारलं.

"चित्रं कसली, माणसं आहेत," मागून श्रुतिका म्हणाली. "प्रत्येकाच्या मागे कुठेतरी कुणीतरी बसलंय. तो सिंहावरचा ब्राझीलचा. त्या दोघी कोरियाच्या. धक्का दे, आरपार जाणार नाहीस. इथे माणसातून माणूस जात नाही, जत्रेसारखी वाट काढावी लागते."

मी रायगडावरून ढगांचा समुद्र पाहिलाय, आणि त्या वेळी जे झालं तेच आता झालं. नुसती बघत राहिले. गांधारी पुलापलीकडची वार्ता महाडात दुसऱ्या दिवशी पोचते, आणि इथे या खोपटीत अख्खी पृथ्वी एका चौकात उभी होती. फुकट! मला माझ्याच टोमण्याची लाज वाटली.

"फुकट खेळता येतं," उबेद सांगत होता, "पण चांगला घोडा, चांगली तलवार लगेच हवी तर क्रेडिट कार्ड पाहिजे. आमच्याकडं कुठलं कार्ड? आम्ही हातानं मिळवलं सगळं. एकेका मण्यासाठी आठवडाभर मासे धरायचे. एकशेवीस मणी झाले की सूर्यद्वार उघडतं. त्याच्या पलीकडे काय आहे ते फुकट खेळणाऱ्या कुणीच बघितलं नाय अजून. उद्या उघडणार होतो."

"आणि कोठाराची किल्ली?"

"माझ्याकडं. म्हणजे माझ्या शिपायाकडं." पडद्यावर निळा अंगरखा घातलेला एक दाढीवाला गडी उभा होता. "काल जुम्म्याची नमाज होती. मी ह्याला मासे धरायला लावून मशिदीत गेलो. तो आपोआप धरत बसतो. परत येऊन बघतो तर हा कोठाराच्या दारात उभा, आणि आत काय नाय. कुणीतरी इथंच, ह्याच खुर्चीत बसून ह्याच्याच हातानं सगळं काढलं."

"दुसरीकडून कुणी उघडलं असेल?"

"नाय. दुसरीकडून उघडलं तर इथलं बंद पडतं. इथलं चालूच होतं. शिवाय तेव्हा लोडशेडिंग होतं, गल्लीत लाईट नव्हती. इन्व्हर्टरवर फक्त हा एक नंबर चालतो."

"मग दुकानात कोण होतं?"

"कोणी नाय. फक्त स्वराज."

तो हे सहज बोलून गेला आणि मीही ते सहज ऐकून घेतलं. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

३

स्वराजकडे जायच्या आधी मी त्यांच्या टोळीतल्या बाकीच्यांना चाचपलं. पहिली रिम्शा, उबेदची बहीण. खेळात ती तिरंदाज. जिन्याच्या पायरीवर लसूण सोलत बसली होती.

"मी घेतलं असतं तर बरं झालं असतं," ती फणकारली. "वर्षभर मणी मी पण जमवले. पण किल्ली कोणाकडं? भाईकडं. मी मागितली तर म्हणे, तू हरवशील. आता हरवली ना त्यानं?"

"काल दुपारी तू कुठे होतीस?"

"कॉलेजात. मुसैबभाईसाठी लवकर यायला बघत होते, पण तास लांबला."

"मुसैब तर दम्मामला ना?"

"तो शुक्रवारी खेळात येतो. त्याची सुट्टी असते. हिरवा झगा घालून धक्क्यावर येऊन बसतो. फोनचा खर्च नको म्हणून आम्ही तिथंच भेटतो." ती जरा थांबली. "अम्मी पण बघते. पहिल्यांदा त्याला बघितलं तेव्हा पडद्यावर हात फिरवला तिनं. म्हणाली, वाळलाय गो. आता खेळातला माणूस कसा वाळेल, सांगा."

"अम्मी आहेत कुठे?"

"दासगावला. खालाच्या पोरीला कळा सुरू झाल्या म्हणून काल दुपारीच गेली. मुलगा झाला. आज येईल."

मग मी श्रुतिकाकडे वळले. भाची झाली म्हणून सोडायची नसते.

"पुण्याच्या एका टोळीने तुला बोलावलं होतं म्हणे. मणी घेऊन ये, तुला सेनापती करतो."

ती लाल झाली. "कुणी सांगितलं? बोलावलं होतं. मी नाही म्हटलं. आणि काल दुपारी मी लायब्ररीत होते, रजिस्टरवर सही आहे. मावशी, मला विचारतेस?"

"मी सगळ्यांना विचारते. म्हणून तर लोक मला फी देतात."

म्हणजे दोघींना कारण होतं, पण दोघी जाग्यावर नव्हत्या. स्वराज जाग्यावर होता, पण त्याला कारण नव्हतं. तो एस.टी. स्टँडवर असल्याचं कळलं. उमरठसाठी पोलादपूरची गाडी अर्ध्या तासात होती.

४

तो फलाटाच्या बाकावर बसला होता. पायाशी बॅग, मांडीवर अकाउंटन्सीचं पुस्तक. उंच, काटकुळा, डोंगरातली पोरं असतात तसा संकोची. मी शेजारी बसले.

"परीक्षा द्यायची नाही आणि पुस्तक वाचतोयस?"

"सवय," तो म्हणाला.

"काल दुपारी काय करत होतास?"

"वाचत व्हतो. लाईट नव्हती, म्हणून दारातल्या बाकड्यावर बसलो. तिथं उजेड असतो."

"एक नंबरला कुणी बसलं होतं?"

गप्प.

"तू बसला होतास?"

हाताच्या बोटाने तो पुस्तकाचा कोपरा दुमडत होता आणि सोडत होता.

"स्वराज, तुझ्या मामाला आज जलीलभाईंसमोर उभं राहावं लागेल. टेम्पो जाईल की नाही माहीत नाही, पण मान जाईल. हे कळतंय ना?"

"कळतंय," तो म्हणाला. "म्हणून तर चाललोय. मी नसलो की विषय संपतो. कोण कोणाला विचारत बसणार नाय."

मी उठणार होते, पण सवयीने एक बिनकामाचा प्रश्न विचारला. कोर्टात कधीकधी असल्याच प्रश्नाला मासा लागतो. "जेवलास का?"

त्याच्या डोळ्यांतून एकदम पाणीच आलं. "शुक्रवारी बिर्याणी असते. मामी माहेराला गेली की अम्मीच डबा देतात. वर्षभर देतायत. कधी बोलून दाखवलं नाय."

गाडी लागली. कंडक्टरने घंटी मारली. स्वराज उठला.

"बस खाली," मी म्हटलं. "पुढची गाडी आहे. तोवर मला हवा आहेस, साक्षीदार म्हणून."

"मी साक्ष देणार नाय."

"देऊ नकोस. नुसता उभा राहा."

रस्त्याने परत येताना माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. कोण कोणाला विचारत बसणार नाय. हा पोरगा स्वतःला नव्हे, दुसऱ्या कुणाला तरी प्रश्नापासून वाचवत होता.

५

"मला ते कोठार आतून दाखव," मी उबेदला म्हटलं. त्याने स्वराजकडे पाहिलं, जबडा आवळला, पण माझ्यापुढे काही बोलला नाही.

दाढीवाल्या गड्याने दार ढकललं. आत एक लांबट दगडी खोली, रिकामी. भिंतींवर नुसते खिळे.

"काय काय गेलं? मणी सोडून."

"सगळंच. सुकी भाकरी, तुटलेला गळ, फाटकी जाळी, कुणाला फुकट दिली तरी घेणार नाय ती मडकी. तेवढंच नवल वाटतं."

मलाही तेच वाटलं. घरफोड्या सोनं नेतो, पाटा-वरवंटा नेत नाही.

"आणि हे मोठं कपाट?"

"ते हलत नाय. घराबरोबर येतं. गालिचा पण तसाच, घराबाहेर नेता येत नाय."

"गालिचा कुठे आहे?"

"चोरानं मस्ती केलीय. वर बघा."

त्याने गड्याची मान वर केली. आणि मला दिसलं. लाल नक्षीचा मोठा गालिचा नीट गुंडाळून कपाटाच्या पार माथ्यावर ठेवला होता.

हे मी आधी पाहिलं होतं. अगदी हेच.

दोन वर्षांपूर्वी पाणी आलं तेव्हा मी पोलादपूरला अडकले होते. पाणी उतरल्यावर चिखल तुडवत ऑफिसला पोचले, तर कुलूप तोडलेलं. आत अशिलांची एक फाईल नाही, टाईपरायटर नाही, पाण्याचा माठसुद्धा नाही. हलत नव्हतं ते फक्त लोखंडी कपाट, आणि माझी सतरंजी गुंडाळून त्याच्या माथ्यावर. मी कपाळाला हात लावून उभी असताना समोरच्या जलीलभाईंच्या माडीवरून हाक आली होती. सगळं वाचलं होतं, अगदी फुटक्या माठासकट. आमच्या गल्लीत पाणी चढायला लागलं की कुणी कुणाला विचारत बसत नाही. ज्याच्या हाताशी दार असेल तो ते उघडतो, सामान वर नेतो, आणि जे नेता येत नाही ते असेल त्या उंचीवर चढवतो. मालक भेटला की सांगायचं, एवढंच.

"श्रुतिका," मी म्हटलं, "काल त्या बंदरात पाणी आलं होतं का?"

"पाणी?" तिने पडद्याच्या कोपऱ्यातली जुनी सूचना काढून वाचली. "हो की. काल दुपारी भरती आली होती म्हणे, समुद्र पार गल्ल्यांत शिरला. पहिल्यांदाच. पण ते नुसतं चित्र असतं, मावशी. नुकसान काही होत नाही. इंग्रजीत लिहिलंय तसं."

"ज्याला इंग्रजी येत नाही त्याने काय करायचं?"

श्रुतिका ती सूचना पुन्हा वाचू लागली.

"उबेद, काल नमाजेच्या वेळी दुकानात कोण होतं?"

"सांगितलं ना, कोणी नाय. फक्त स्वराज."

"गल्ल्यावर कोण बसलं होतं?"

"अम्मी. दर शुक्रवारी बसते."

"मग कोणी नाही कसं?"

उबेदचं तोंड उघडं राहिलं. त्याच्या हिशेबात अम्मी म्हणजे घर. भिंत, जिना, अम्मी. तिला कोण कशाला मोजेल?

"मुसैब शुक्रवारी येतो," मी पुढे म्हटलं. "अम्मी कालही त्याची वाट बघत इथे बसल्या असणार. तुमच्या मागे बसून बसून चालायचं कसं, उचलायचं कसं हे त्या शिकल्या. आणि मुसैबऐवजी समोरून पाणी आलं. स्वराज, तू त्यांना पाहिलंस. फळीच्या फटीतून. घाईघाईने माऊस हलवताना. पडदा तुला दिसला नाही. नंतर कोठार रिकामं झाल्याचं कळलं आणि तुला वाटलं, अम्मींनी चुकून सगळं पुसून टाकलं. बरोबर?"

स्वराज जमिनीकडे बघत उभा होता. त्याने फक्त मान हलवली.

उबेद खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला. "पण मग सामान गेलं कुठं?"

"इथून जवळची सगळ्यात उंच, छप्पर असलेली जागा कुठली?"

"घुबडांचा बुरूज," रिम्शा जिन्यावरून म्हणाली. लसणाची परडी तिच्या हातातच होती. "डोंगरावर. तिथं कोण जात नाय."

"या अल्ला," उबेद पुटपुटला. "उघड्यावर ठेवलेली वस्तू कोणीही उचलतो ह्या खेळात. हजारो माणसं फिरत असतात. काल दुपारपासून पडलंय तिथं. संपलं, वकीलताई. आता सुई पण राहिली नसेल."

६

त्याच वेळी दारात रिक्षा थांबली आणि बदरुन्निसाभाभी उतरल्या. जलीलभाईंच्या बायको, बुटक्या, धाप लागलेल्या, हातात दासगावच्या मिठाईचा पुडा.

"काय रे, सगळे असे का उभे? मुलगा झाला, तोंड गोड करा. शकूताय, तू पण हायस? बरं झालं." मग त्यांना पडदा दिसला. "उबेद, पाणी उतरलं का रे तिकडचं? काल सांगायची राहिले. सामान मी वर नेऊन ठेवलंय. फोन आला नि गडबडीत निघाले."

उबेदला हसावं की रडावं कळेना. "अम्मी, ते पाणी खोटं होतं."

"खोटं कसं? पायऱ्या बुडाल्या. दार बुडालं. मी बघितलं ना."

"स्वराजला का नाय हाक मारलीस?"

"अभ्यास करीत होता पोर. आणि पाणी आल्यावर हाका मारीत बसतात काय?" त्यांनी स्वराजची बॅग पाहिली. श्रुतिकाने चार वाक्यांत सगळं सांगितलं. भाभी स्वराजसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना मान वर करूनच बोलावं लागत होतं.

"म्हणजे तुला वाटलं मी बिघडवलं? आणि माझ्यापायी तू चोर व्हायला निघालास?" त्यांनी त्याच्या दंडावर चापट मारली, चांगली सणसणीत, आणि मग तोच दंड धरून ठेवला. "येडा हायस काय रे? मला इचारायचं तरी!"

उबेदने काही न बोलता गड्याला डोंगराकडे वळवलं. आम्ही सगळे त्या एका खोपटीत दाटीवाटीने उभे राहिलो. वाट चढत होती. खाली बंदराचे दिवे लहान होत गेले. मला खरं सांगायचं तर मणी असोत नसोत काही पडलं नव्हतं. स्वराज मोकळा झाला होता. पण वर्षभराचे कष्ट त्या पोरांच्या चेहऱ्यांवर दिसत होते, आणि भाभी पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "असेल ना रे? मी नीट रचून ठेवलंय."

शेवटचं वळण आलं आणि उबेदचा हात थांबला.

बुरुजाभोवती माणसं उभी होती.

पंधरा-वीस असतील. सिंहवाला होता. काळ्या चिलखतातला एक राक्षसासारखा धिप्पाड होता. पंख असलेल्या दोन पोरी होत्या. सगळे खांद्याला खांदा लावून, तोंडं बाहेर करून, गोल कडं धरून उभे. आणि कड्याच्या आत, बुरुजाच्या छपराखाली, पेट्यांवर पेट्या रचलेल्या होत्या. सगळ्यात वर सुकी भाकरी आणि तुटलेला गळ.

"हे काय हाय?" भाभींनी हळूच विचारलं.

"माणसातून माणूस जात नाय," रिम्शा म्हणाली. "म्हणून कोणी आत जाऊ शकलं नाय. राखण केलीय त्यांनी. कालपासून."

पडद्याखाली अक्षरं उमटली. काळ्या चिलखतातला लिहीत होता, आणि श्रुतिका मराठीत सांगत होती.

"तुम्ही आलात. बरं झालं. आम्ही पाळीपाळीने उभे राहतोय. काल भरती आली तेव्हा आम्ही सगळे गंमत बघत होतो, नाचत होतो. आणि हा निळा माणूस एकटा एकेक पेटी घेऊन डोंगर चढत होता. पुन्हा खाली यायचा. पुन्हा चढायचा. सगळे हसले. मी नाही हसलो. मी फिलिपिन्सचा आहे. माझ्या गावातून नदी जाते. मला कळलं हा काय करतोय. मी बाकीच्यांना सांगितलं. मग कोणीच हसलं नाही."

मी त्या काळ्या चिलखताकडे बघत राहिले. मला जे कळायला अर्धा दिवस आणि एक सतरंजी लागली, ते त्या माणसाला समुद्रापलीकडून बघताक्षणी कळलं होतं. कुठलं गाव असेल त्याचं? भिंतीवर रेघ कुठवर असेल? इतकी वर्षं माणसांच्या भांडणांवर पोट भरतेय मी, पण माणसाबद्दल मला इतकं नवल कधी वाटलं नव्हतं. माझा चष्मा धुरकट झाला होता आणि मी तो पुसला नाही.

"विचारतोय," श्रुतिका म्हणाली, "तो निळा माणूस कोण होता?"

उबेद खुर्चीतून उठला. त्याने स्वराजला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला. आदल्या दिवसापासून तो त्याच्याशी बोलला नव्हता. "तू लिही," एवढंच तो म्हणाला. "किल्ली पण आता तुझ्याकडंच ठेव. मला दिसायला पाहिजे होतं ते दिसलं नाय, यार. माफ कर."

स्वराजने दोनच बोटांनी, सावकाश लिहिलं. श्रुतिकाने वाचलं नाही, पण तेवढं इंग्रजी मलाही येतं. त्याने लिहिलं होतं, आमची आई.

कड्यातली माणसं एकेक करून गुडघ्यावर बसली. सिंहसुद्धा बसला.

भाभींना ते काही समजलं नाही. त्या पुढे वाकल्या, पदराने पडदा पुसला आणि काळ्या चिलखताकडे बोट दाखवलं.

"त्याला इचार रे स्वराज, त्याच्या गावात पाणी उतरलं काय?"

स्वराजने विचारलं. आलेलं उत्तर त्याने वाचून सांगितलं.

"उतरलं म्हणतोय, अम्मी. आणि विचारतोय, तुमच्याकडं?"

स्वराजने मान वळवून उबेदकडे पाहिलं. उबेदने डोळे पुसले, पायाने त्याची बॅग टेबलाखाली सारली आणि त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसला.

"लिही ना," तो म्हणाला. "आमच्याकडं पण उतरलं म्हणून."